वाहून गेलेल्या मातीचा हिशेब

सोलापूरकडचे रब्बीचे रान पावसाळाभर उघडे असते. मृग, आर्द्रा पडून जातात तेव्हा त्यावर पीक नसते. कुळवाच्या पाळ्या देऊन जमीन मोकळी ठेवायची, पडेल तेवढे पाणी मुरवायचे आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास पाभर धरून शाळू पेरायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ओल धरून ठेवण्यासाठी ती बरोबरच आहे. पण कुळवलेल्या उघड्या मातीवर एखादा जोराचा पाऊस तासभर कोसळला की रानातून काळे-तांबडे पाणी निघते, ओघळीतून नाल्यात, नाल्यातून सीनेत नाहीतर भीमेत जाते. शेतकऱ्याला हे कळत नव्हते असे नाही. दगड रचून ताली घालण्याची कला दख्खनमध्ये फार जुनी आहे. मात्र दरसाल नेमकी किती माती जाते, हे १९३० च्या आधी इथे कुणालाही सांगता आले नसते.

न सांगता येण्याचे कारण साधे आहे. एक हेक्टर रानावरून एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला तर ती १० घनमीटर माती होते, वजनात बारा-तेरा टन. दोन ट्रक भरतील एवढी माती रान सोडून जाते आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना रान होते तसेच दिसते. बाप-आजाच्या काळात पुरुषभर खोल असलेली जमीन नातवाच्या हाती गुडघाभर राहते तेव्हाच नुकसान दिसते, आणि तोवर खालचा मुरूम वर आलेला असतो. सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात घराचा पाया खणताना हा थर उघडा पडतो. वर वीत-दोन वीत काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग खडक. एवढ्याशा काळ्या थरावर इथली ज्वारी उभी राहिली.

माती मोजायची हा विचार मुंबई इलाख्यात रुजला त्याला दोन माणसे मुख्यतः कारण आहेत. हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे इलाख्याचे शेतकी संचालक. १९१७ साली त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा घरोघरी फिरून केलेला अभ्यास छापला. दुसरा अभ्यास कोरडवाहू टापूतल्या जातेगाव बुद्रुकचा, १९२१ सालचा. त्यावर मॅन यांच्या जोडीला एन. व्ही. कानिटकर यांचे नाव आहे. जमिनीचे तुकडे, कर्ज, उत्पन्न यांचा जमाखर्च मांडणाऱ्या या कामातून गेलेले कानिटकर पुढे मातीच्या जमाखर्चाकडे वळले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गावाच्या गरिबीचे एक कारण सावकाराच्या वहीत असेल, तर दुसरे रानातून निघणाऱ्या गढूळ पाण्यात होते, आणि त्याची वही अजून कुणी उघडलेली नव्हती.

१९२३ साली मांजरीला कोरडवाहू शेतीवर सरकारी संशोधन सुरू झाले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेतकी आयोगाने १९२८ साली अहवाल दिला. पुढच्याच वर्षी केंद्रीय कृषी संशोधन परिषद स्थापन झाली. या परिषदेने १९३३ पासून दोन वर्षांत कोरडवाहू शेतीची पाच केंद्रे काढली: सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक. पाचांपैकी चार दख्खनच्या पठारावर, आणि सोलापूर, विजापूर व रायचूर ही तिन्ही गावे भीमा-कृष्णेच्या पाणलोटातली. सोलापूरचे काम कानिटकरांच्या देखरेखीखाली चालले.

त्या प्रयोगांची मांडणी साधी होती. उतारावर सारख्या मापाचे वाफे आखायचे, चारी बाजूंनी बंद करायचे, म्हणजे बाहेरचे पाणी आत येणार नाही. खालच्या टोकाला हौद. एका वाफ्यावर गवत वाढू द्यायचे, एकावर ज्वारी घ्यायची, एक नुसता कुळवून उघडा ठेवायचा. पाऊस पडला की हौदातले पाणी मोजायचे, ढवळून नमुना घ्यायचा, गाळ बसू द्यायचा, वाळवायचा, तोलायचा. पुन्हा पाऊस, पुन्हा हौद. यात चतुराई कमी आणि चिकाटी जास्त लागते. एक पाऊस चुकला तर वर्ष वाया जाते, कारण सोलापूरसारख्या मुलखात वर्षातली बरीचशी धूप तीन-चार मोठ्या सरींतच होते.

अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात १९१७ साली असेच वाफे आखले गेले होते, आणि ज्या १९३३ साली आपल्याकडे कोरडवाहू केंद्रांची योजना सुरू झाली त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या कून क्रीक या छोट्या खोऱ्यात तिथल्या सरकारने मृदसंधारणाचा पहिला मोठा प्रयोग हाती घेतला. सोलापूर जगाच्या मागे नव्हते.

वाफ्यांनी काय सांगितले? गवताखालची जमीन जवळजवळ काहीच गमावत नव्हती. कुळवलेली उघडी जमीन तिच्या कितीतरी पट माती देऊन बसत होती. म्हणजे ओल धरण्यासाठी जी कुळवणी करायची, तीच मातीला मुळावर येत होती. रान पड ठेवावे तर ओल नाही, कुळवावे तर माती नाही, हा पेच या आकड्यांनी प्रथमच उघड केला. त्यावर तोडगा म्हणून जी पद्धत पुढे आली ती मुंबईची कोरडवाहू पद्धत म्हणून देशभर गेली: समपातळीचे बांध, दर तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, दोन ओळींत जास्त अंतर आणि उभ्या पिकात कोळपण्या. कानिटकर, सिरूर आणि गोखले यांचा कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९६० साली कृषी संशोधन परिषदेने काढला, त्यात हे सारे आहे. सोलापूरचे केंद्र आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

मुंबई सरकारने १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि सोलापूर-विजापूरकडे बांधबंदिस्तीची कामे प्रचंड प्रमाणावर निघाली. कित्येक बांध दुष्काळी कामांवर घातले गेले. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर हेच काम पुन्हा मोठे झाले. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘बांधाचे काम’ म्हणजे दुष्काळाचे काम, असा अर्थ आजही असतो. हलक्या आणि मध्यम जमिनीत या बांधांनी उपकार केले यात शंका नाही. भारी काळ्या रानात मात्र ते फसले. पाणी बांधाआड तुंबे, रान चिबडे, उन्हाळ्यात भेगा पडलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटे आणि फुटला की वर्षानुवर्षे अडलेली माती एका दमात वाहून जाई. शेतकऱ्यांनी काही ठिकाणी बांध स्वतःच मोडले. त्यांना अडाणी ठरवणे तेव्हा सोपे होते. पण वाफा उतारावरच्या एका ठरावीक मातीचा होता आणि बांध सरसकट घातले गेले, हा दोष मोजणीचाही नव्हता आणि शेतकऱ्याचाही नव्हता. पुढे भारी जमिनीसाठी पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध आले.

वाफ्यावरून निघालेली सगळी माती नदीला पोहोचते का? सोलापूरच्या हौदांना याचे उत्तर देता येत नव्हते, कारण हौद रानाच्या टोकालाच संपत होता. हाच प्रश्न स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञाने कून क्रीकमध्ये धसास लावला. रानांतून निघालेली बहुतांश माती खोऱ्याबाहेर गेलीच नव्हती. उताराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या सपाटीवर, पूरमैदानात ती थांबली होती. पुढे रानातली धूप कमी झाली तरी नदीतून बाहेर जाणारा गाळ त्या मानाने कमी झाला नाही, कारण नदी आता जुना साठाच उकरून नेत होती. नदीच्या तोंडाशी मोजलेला गाळ हा आजच्या रानांचा हिशेब नसतो. त्यात पणज्याच्या रानातली माती असते.

आपल्याकडे हा मधला मुक्काम तलावांत आणि धरणांत दिसतो. सोलापूरच्या ईशान्येला, तुळजापूर रस्त्यालगत, हिप्परग्याचा तलाव आहे. अदिला नदीवर १८७१ साली पुरा झालेला, दोन किलोमीटरांहून लांब मातीच्या भिंतीचा हा एकरुख तलाव शहराने दीडशे वर्षे वापरला. सिद्धेश्वराचे तळे त्याहून कितीतरी जुने, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेले. प्रत्येक तलाव हा एक मोठा हौदच असतो. वरून आलेली माती त्यात बसते, आणि दर काही वर्षांनी तळ मोजला तर खोऱ्याने किती माती दिली ते कळते.

अशी मापे घेऊन अजुधिया नाथ खोसला या अभियंत्याने एक ठोकताळा बसवला: दर १०० चौरस मैल पाणलोटामागे दरसाल ७५ एकर-फूट गाळ. आजच्या मापात चौरस किलोमीटरमागे सुमारे ३५७ घनमीटर. कित्येक धरणांचे आयुष्य अशा आकड्यांवर ठरले. पण कुठल्याही नदीला सरासरी ठाऊक नसते. बीडच्या बालाघाटात उगम पावणाऱ्या मांजरेवर निजाम राजवटीत १९३१ च्या सुमारास निजामसागर बांधला गेला. १९७० च्या दशकापर्यंत त्याची निम्म्याहून अधिक क्षमता गाळाने खाल्ली होती. मांजरेचा वरचा मुलूख आणि आपल्या सीनेचा मुलूख शेजारी-शेजारी आहेत: तीच माती, तेच उघडे रब्बीचे रान. निजामसागरची कथा वाचताना सोलापूरच्या माणसाला परकेपण वाटू नये.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा. वर जवळपास १४,८५० चौरस किलोमीटरचा पाणलोट. खोसलांचा ठोकताळा इथे लावून पाहिला तर वर्षाला ५३ लाख घनमीटर गाळ येतो, पंचेचाळीस वर्षांत आठ टीएमसीच्या पुढे. हा कागदावरचा हिशेब आहे, उजनीचे माप नव्हे. प्रत्यक्षात पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे, माणिकडोह, घोड ही वरची धरणे आपापला वाटा आधीच अडवून घेतात. उजनीचा तळ मोजण्याचे काम नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या यंत्रणा करतात: नावेतून ध्वनिलहरी सोडून खोली घेतात, आणि उपग्रहाच्या चित्रांत निरनिराळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले ते पाहून साठा काढतात. उपग्रहाच्या रीतीला एक मर्यादा आहे. पाणी जिथवर उतरते तिथवरच ती पाहू शकते. उजनी ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृत साठ्यात, गेली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो, पण गाळ मोजणाऱ्यांना त्या वर्षी तळाचा जास्त भाग दिसतो.

गाळ मृत साठ्यातच बसतो, म्हणून काळजी नको, असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही. वाहते पाणी धरणाच्या फुगवट्याला भिडते तिथेच त्याचा वेग मोडतो आणि जाडी वाळू, गाळ तिथेच पडतो. म्हणजे दौंड-इंदापूर-करमाळ्याच्या बाजूला, वापराच्या साठ्यात. पाणी उतरले की काठची माणसे त्या ओल्या गाळात गाळपेर करतात. तळाशी, भिंतीजवळ जातो तो पिठासारखा बारीक गाळ.

भिंतीच्या खाली नदीचे माप टाकळीला घेतले जाते. विजापूर रोडने जुळे सोलापूर ओलांडून, सोरेगावच्या पुढे सरळ गेले की भीमेवर टाकळी येते. तिथे केंद्रीय जल आयोगाचे मापनस्थान आहे. सकाळी पाण्याची पातळी, प्रवाहाचा वेग, आणि नदीच्या रुंदीत ठिकठिकाणी, खोलीच्या दहा भागांपैकी सहाव्या भागाशी बाटली उतरवून घेतलेले पाणी. त्यातला गाळ चाळून जाडा, मध्यम आणि बारीक असा वेगळा करतात, वाळवतात, तोलतात आणि लिटरमागे किती ग्रॅम ते लिहितात. सोलापूरच्या वाफ्याखालचा हौद आणि टाकळीची बाटली यांत रीतीचा फरक फारसा नाही. बाटलीत फक्त तरंगता गाळ येतो, तळावरून घरंगळत जाणारी वाळू सुटते. शिवाय महापुराच्या ज्या दिवशी सर्वांत जास्त माती जाते, त्याच दिवशी नदीत उतरणे सर्वांत अवघड असते.

याच टाकळीचे पाणी जुळे सोलापुरात येते. सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी घालून त्यातला गाळ खाली बसवतात, मग ते नळाला सोडतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की आम्ही तक्रार करतो. ती करावीच. पण त्या गढूळपणात शिरूर-जुन्नरपासून पंढरपूर-मंगळवेढ्यापर्यंतचे रान असते.

सीनेचे माप वडकबाळला होते, आणि कुडलला ती भीमेला मिळते. संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, तो हजार वर्षांचा. पण नदीच्या हिशेबात हजार वर्षेसुद्धा थोडीच. त्याहून जुन्या काळासाठी भीमेच्याच वरच्या अंगाला जावे लागते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी, आणि कऱ्हेकाठी मोरगाव, इथल्या नदीकाठच्या जुन्या गाळात ज्वालामुखीची पांढुरकी राख सापडली. ती इथली नव्हे, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९८० च्या दशकात रवी कोरीसेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरीचा थर पुढे आणला आणि वाद पेटला: राख चौदा लाख वर्षांपूर्वीची, की आठ लाखांच्या आसपासची, की पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महास्फोटातली? बोरीला राखेच्या सोबत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाल्यामुळे या वादाला आणखी धार आली. राखेचे वय ठरले की तिच्यावर आणि खाली किती गाळ साचला ते पाहून नदीचा वेग काढता येतो. मात्र वयात वीस पट फरक पडला तर वेगातही तेवढाच फरक पडतो.

डेक्कन कॉलेजमधले शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठातले विश्वास काळे यांनी या नद्यांचे जुने काठ वर्षानुवर्षे चालून पाहिले. त्यांच्या कामातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मान्सून दुबळा असे तेव्हा या नद्या गाळाने भरत गेल्या, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो बळावला तेव्हा त्यांनी आपलाच गाळ कापून पात्र खोल केले. पाऊस कमी म्हणजे धूप कमी, हे इतके सरळ नाही. रानातून माती सुटत असते, पण ती वाहून न्यायला नदीच्या अंगात बळ उरत नाही. घोड, कुकडी, भीमेचे आजचे उभे काठ म्हणजे त्या भरल्या काळाचा उरलेला गाळ.

हजारो वर्षांची धूप मोजण्याची जगभर रूढ असलेली रीत म्हणजे नदीच्या वाळूतल्या बेरिलियम-१० ची मोजणी. अंतराळातून येणारे किरण जमिनीच्या वरच्या थरातल्या खनिजांत हा दुर्मीळ अणू तयार करतात. जमीन हळू झिजत असेल तर कण पृष्ठभागाजवळ जास्त काळ राहतात आणि अणू जास्त साचतात. भराभर झिजत असेल तर कमी. पण यासाठी गारगोटीच्या जातीची क्वार्ट्‌झची वाळू लागते, आणि आपला काळा बेसाल्ट क्वार्ट्‌झ जवळजवळ देतच नाही. हिमालयाच्या नद्यांना लावलेली पट्टी भीमेला तशीच लागत नाही. म्हणून दख्खनचा प्रश्न मागे पडला आहे, आणि तो इथल्याच माणसांनी हाती घ्यायला हवा.

तरीही एक बेरीज कुणालाही करता येते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. खोसलांच्या ठोकताळ्याप्रमाणे वर्षाला पाणलोटावरून सरासरी ०.३५७ मिलिमीटर गाळ निघतो. तेवढ्या काळात तो साडेतेवीस किलोमीटर जाडीचा होतो. गाळ पोकळ आणि खडक घट्ट, म्हणून खडकाच्या हिशेबात तो निम्म्याहून कमी धरला तरी सुमारे दहा किलोमीटर खडक झिजायला हवा होता. पण सर्वांत जाड भागातही बेसाल्टचा थर दोन-तीन किलोमीटरांच्या पलीकडे धरला जात नाही, आणि घाटमाथा अजून उभा आहे. म्हणजे आजचा वेग हा या भूमीचा स्वाभाविक वेग नव्हे. तिच्या आयुष्याच्या सरासरीपेक्षा आपल्या काळातली माती अनेक पटींनी जास्त निघते आहे. वाफा, तलाव, नदी आणि राख यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातच खरी माहिती आहे: कुठे किती माती सुटली, कुठे अडली, आणि हे कधीपासून वाढले.

सरासरीने आणखी एक गोष्ट झाकली जाते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो महापूर आला त्यात माढा, मोहोळ, करमाळ्याकडची रानेच्या राने खरडून गेली. महसुलाच्या पंचनाम्यात ‘खरडून गेलेली जमीन’ असा वेगळा रकाना असतो. त्या दोन-चार दिवसांत काही शेतांनी शेकडो वर्षांची माती गमावली. ते क्षेत्र पंचनाम्यात आले, पण किती खोल माती गेली याचे माप बहुतेक ठिकाणी कुणी घेतले नाही.

२०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चालू आहे. तलावातला गाळ उपसून हलक्या रानात टाकायचा, हा विचार उत्तम आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा फायदा दिसतो. माझे मागणे एवढेच आहे की यंत्र तळात उतरण्याआधी मोजणी व्हावी. एकरुखच्या तळात १८७१ पासूनचा गाळ थराथराने बसलेला आहे. १९६३ च्या आसपास अणुचाचण्यांमुळे जगभर पडलेले सिझियम गाळाच्या थरात ओळखता येते. त्याच्या खालचा थर कुळव-बैलांच्या काळातला, वरचा ट्रॅक्टर आणि उसाच्या. एक नळी उभी ठोकून तळापर्यंतचा नमुना काढला तर कानिटकरांच्या वाफ्यांना जे दिसले नाही, म्हणजे दीडशे वर्षांत अदिलेच्या खोऱ्यातून तलावात किती माती पोहोचली आणि वेग कधी बदलला, ते वाचता येईल. एकदा पोकलेन फिरला की हे थर पुन्हा मिळणार नाहीत. सोलापूरला विद्यापीठ आहे, कोरडवाहू संशोधन केंद्र आहे, जल आयोगाच्या नोंदी आहेत. तळ उघडा पडलेला एक उन्हाळा या कामाला पुरेल.